निष्ठेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

टॉम पेंडरगास्ट २६ जानेवारी १९४५ रोजी वारला. मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटी शहरावर त्यानं वर्षानुवर्षं हुकमत गाजवली होती. कुणाला उमेदवारी द्यायची, कंत्राटं कुणाकडे जायची, कुठल्या वॉर्डातून किती मतं निघायची, सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. १९३९ मध्ये प्राप्तिकर चुकवल्याबद्दल त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती सत्ता कोसळली. तुरुंग भोगून आलेल्या या माणसाच्या अंत्यविधीला कुणी राष्ट्रीय पुढारी फिरकेल असं कुणाला वाटत नव्हतं. हॅरी ट्रुमन गेला. उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. वर्तमानपत्रांनी झोडपलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की पेंडरगास्ट कायम माझा मित्र होता आणि मी त्याचा. अडीच महिन्यांनी रूझवेल्ट वारले आणि ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाला.

माझे मामा निवृत्त इतिहासशिक्षक आहेत. ट्रुमन काय माणूस होता हे समजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे, असं ते मानतात. मी लेखापरीक्षणात नोकरी करते. सार्वजनिक पैशाची वाट बहुतेक वेळा मैत्रीतूनच लागते हे मी रोज पाहते, त्यामुळे त्या अंत्यविधीकडे मामांच्या डोळ्यांनी बघणं मला जमत नाही. या विषयावर आमचं बोलणं पुष्कळदा झालं आहे. त्यातलं जे टिकण्यासारखं वाटलं ते इथे सलग मांडते.

"आधी त्याचे मित्र आले कुठून ते बघ," मामा म्हणाले. "वडिलांनी धान्याच्या सट्ट्यात पैसा घालवला, म्हणून पोराचं कॉलेज राहिलं. बँकेत कारकुनी केली. मग अकरा वर्षं ग्रँडव्ह्यूच्या शेतावर राबला. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तो तेहतिशीला आलेला, जाड भिंगाचा चष्मा लावणारा शेतकरी होता. सैन्यात गेला नसता तर कुणी नावं ठेवली नसती. तरी गेला. त्याला जन्मभर पुरलेली माणसं त्या दोन वर्षांत एक तर भेटली, नाहीतर पक्की झाली. ओक्लाहोमातल्या छावणीत रेजिमेंटचं कँटीन त्याच्याकडे आलं. हाताखाली एडी जेकबसन, कापडदुकानात घडलेला ज्यू तरुण. तो बँकेच्या दिवसांपासून ओळखीचा होता. बाकीच्या रेजिमेंटची कँटीनं बुडत असताना या दोघांचं नफ्यात चाललं. तिथंच हॅरी व्हॉन भेटला. सैन्यातच जिम पेंडरगास्टशी, म्हणजे टॉमच्या पुतण्याशी, दोस्ती झाली. आणि मग फ्रान्समध्ये बॅटरी डी."

बॅटरी डी म्हणजे तोफखान्याची सुमारे दोनशे जणांची तुकडी. त्यात बहुतेक कॅन्सस सिटीचे आयरिश कॅथलिक, हूड म्हणून नाव काढलेले. आधीचे कप्तान त्यांच्यापुढे टेकीला आले होते. १९१८ च्या जुलैत ट्रुमनकडे ही तुकडी आली. ऑगस्टअखेरीस व्होज डोंगरात जर्मन तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा बरेच जण पळत सुटले. ट्रुमन जागेवर उभा राहिला आणि शेतावर ऐकलेल्या साऱ्या शिव्या त्यानं मोकळ्या सोडल्या. पोरं परतली. पुढे म्यूझ-आर्गॉनच्या भीषण लढाईतून त्यानं ही तुकडी जवळपास धक्का न लागता बाहेर काढली.

"२० जानेवारी १९४९ ला तो स्वतःच्या बळावर निवडून येऊन शपथ घेऊन निघाला," मामा सांगत होते, "तेव्हा त्याच्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी बॅटरी डीचीच माणसं चालत होती. पन्नाशी उलटलेली, पोटं सुटलेली. त्यांच्यासाठी तो अजून कॅप्टन हॅरीच होता. अशी माणसं पैशानं मिळत नाहीत. मी शिकवलेल्या इतिहासात मला असे राज्यकर्ते फार थोडे भेटले."

"त्या मिरवणुकीबद्दल माझी काही तक्रार नाही," मी म्हणाले. "पण मामा, रणांगणावर मित्रासाठी जो धोका पत्करायचा तो आपल्या अंगावर असतो. तो पळाला तर आपण मरतो, आपण पळालो तर तो मरतो. खुर्चीवर बसल्यावर हा हिशेब बदलतो. तिथं मित्राला सांभाळलं तर झीज तिसऱ्याच कुणाला सोसावी लागते, आणि त्या तिसऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. ट्रुमननं खंदकातला नियम जसाच्या तसा व्हाइट हाउसमध्ये नेला. मला खटकतं ते एवढंच."

"तिसऱ्याला झीज लागली, हे दाखव."

"दाखवते. पण आधी जिथे त्यानं स्वतः सोसलं ते मान्य करते."

ते मान्य करायलाच हवं. १९१९ च्या नोव्हेंबरात ट्रुमन आणि जेकबसन यांनी कॅन्सस सिटीत बाराव्या रस्त्यावर पुरुषांच्या शर्ट, टाय, मोजे, टोप्यांचं दुकान थाटलं. बॅटरीतली पोरं गिऱ्हाईक म्हणून येत, गप्पांना तर हमखास येत. १९२१ ची मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, आणि चढ्या भावानं घेतलेला माल अंगावर पडला. १९२२ मध्ये दुकान बंद झालं. जेकबसननं काही वर्षं झुंज देऊन १९२५ मध्ये नादारी पत्करली. ट्रुमननं ती घेतली नाही. पुढली कित्येक वर्षं तो ती देणी थोडी थोडी करून फेडत राहिला, सिनेटर होण्याच्या सुमारापर्यंत. भागीदारानं नादारी घेतल्यावर त्याच्या वाट्याचाही तगादा याच्याकडे आला. त्यावरून दोघांत कधी कडवट शब्द निघाल्याचं ऐकिवात नाही. पुढे जेकबसन कापडाचा फिरता विक्रेता झाला, मग त्यानं स्वतःचं दुकान काढलं. दोस्ती तशीच राहिली.

"झालं तर!" मामा म्हणाले. "धंद्यात बुडाल्यावर शाबूत राहिलेली भागीदारी तू किती पाहिलीस?"

"फारशी नाही. इथं निष्ठेचा खर्च ट्रुमनच्या खात्यावर पडला, म्हणून मला ती मोठी वाटते. आता पेंडरगास्टकडे वळू या."

दुकान बुडाल्यावर बेकार झालेल्या ट्रुमनला राजकारणात आणलं ते पेंडरगास्ट घराण्यानं. त्यांना ग्रामीण भागात चालेल असा उमेदवार हवा होता. माजी सैनिक, शेतकरी, नात्यागोत्याचा, कुणाच्या दोन पैशांत न अडकलेला. १९२२ मध्ये तो जॅक्सन काउंटीच्या न्यायमंडळावर निवडून आला. नावात न्याय असला तरी काम आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखं होतं, रस्ते, इमारती, अंदाजपत्रक. १९२७ पासून आठ वर्षं तो त्याचा प्रमुख होता.

"आणि त्या आठ वर्षांत त्यानं काय केलं?" मामांचा आवाज चढला. त्यांचा हा आवडता भाग आहे. "१९२८ मध्ये लोकांनी रस्त्यांसाठी पासष्ट लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. पेंडरगास्टची स्वतःची काँक्रीटची कंपनी होती. त्याचे लाडके कंत्राटदार ताटावर बसल्यासारखे वाट बघत होते. पेंडरगास्टनं ट्रुमनला बोलावलं, समोर कंत्राटदार बसलेले. ट्रुमन म्हणाला, काम सर्वांत कमी दर देणाऱ्याला मिळेल. आणि पहिलं मोठं काम गेलं पार साउथ डकोटातल्या कंपनीला. पेंडरगास्टनं ते गिळलं. बॉसच्या तोंडावर नाही म्हणायचं आणि तरी त्याचा मित्र राहायचं, हे प्रत्येकाला पेलत नाही. रस्ते उत्तम झाले, वेळेत झाले, अंदाजपत्रकात झाले. तुझ्या खात्याला याहून काय पाहिजे?"

"मला पिकविक हॉटेलमधले कागद पाहिजेत."

कॅन्सस सिटीतल्या पिकविक हॉटेलात ट्रुमन कधीकधी एकटा जाऊन बसे. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या कागदांवर त्यानं रात्री बसून मनातलं लिहून काढलं. ते कागद त्याच्या मृत्यूनंतर अभ्यासकांसमोर आले. त्यात त्यानं लिहिलं आहे की रोख्यांचा लाखो डॉलरचा निधी वाचवण्यासाठी बॉसच्या एका माणसाला काउंटीच्या तिजोरीतून दहाएक हजार डॉलर उचलू द्यावे लागले. तो माणूस पूर्वीचा गुत्तेवाला आणि खुनी होता, हेही त्यानं लिहून ठेवलं. आपण केलं ते बरोबर की गुन्ह्याला हातभार, असा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो. आपण मूर्ख आहोत का, असंही विचारतो.

"मामा, हे वाचून मला तो माणूस आवडतो. रात्री एकटा बसून स्वतःची झडती घेणारे पुढारी कमीच. पण परीक्षक म्हणून माझ्यासमोर ती दहा हजारांची नोंद आली तर मी ती सोडणार नाही. लाखो वाचले म्हणून दहा हजार गेले ते गेले नाहीत, असं होत नाही."

"नोंद सोडू नकोस. पण त्या जागी दुसरा कुणी असता तर लाखोही गेले असते, हे शेऱ्यात लिही."

"लिहीन. आणि त्याखाली १५ फेब्रुवारी १९३८ ही तारीख लिहीन."

त्या दिवशी सिनेटसमोर मॉरिस मिलिगन यांच्या फेरनियुक्तीचा प्रश्न होता. मिलिगन हे कॅन्सस सिटीचे संघराज्य सरकारी वकील. १९३६ च्या निवडणुकीत त्या शहरात झालेल्या मतचोरीचे खटले त्यांनी चालवले आणि अडीचशेहून अधिक जणांना दोषी ठरवून घेतलं. कबरस्तानातल्या माणसांच्या नावानं मतं टाकणारी ती यंत्रणा त्यांनी पुरती उघडी पाडली. ट्रुमन सिनेटमध्ये उभा राहिला, मिलिगनवर आणि खटले ऐकणाऱ्या न्यायाधीशांवर त्यानं तोंडसुख घेतलं, आणि नियुक्तीच्या विरोधात मत दिलं. सगळ्या सिनेटमध्ये विरोधात पडलेलं ते एकच मत.

"हे बघा मामा. इथं त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्याच्या मतानं निकाल बदलणार नव्हता. गप्प बसता आलं असतं, त्या दिवशी मिसूरीत काम काढता आलं असतं. ज्यांची मतं चोरीला गेली ते कॅन्सस सिटीचे हजारो साधे मतदार त्या सभागृहात नव्हते. त्यांच्या वतीनं लढणाऱ्या वकिलाला ट्रुमननं मित्राखातर पाडायला पाहिलं. तिसऱ्याची झीज दाखव म्हणालात ना? ती ही."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या भाषणाचं समर्थन मी करत नाही. कधीच केलेलं नाही. पण दोनच वर्षांनी काय झालं तेही त्याच पानावर घे. १९४० मध्ये पेंडरगास्ट तुरुंगात, यंत्रणा मोडलेली, आणि ट्रुमनची सिनेटची मुदत संपलेली. रूझवेल्टच्या माणसांनी त्याला दुसरं पद देऊ केलं, शर्यतीतून बाहेर पड म्हणून. प्राथमिक निवडणुकीत समोर दोघं उभे. एक राज्याचे गव्हर्नर स्टार्क, दुसरे हेच मिलिगन. ट्रुमनकडे पैसा नव्हता. होते ते सैन्यातले दोस्त. व्हॉननं प्रचाराचा खजिना सांभाळला, त्यात खडखडाट. त्याच उन्हाळ्यात ग्रँडव्ह्यूच्या आईच्या शेतावर जप्ती आली. सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी घरातून बाहेर पडली. पेंडरगास्टच्या हाताखाली अठरा वर्षं काढलेल्या माणसाला आईचं शेत वाचवता आलं नाही, यापरतं त्याच्या हातांच्या स्वच्छतेचं प्रमाणपत्र नसेल."

"शेतावरचं ते कर्ज काउंटीच्या शाळा निधीतून दिलेलं होतं, मामा. पस्तीस हजार डॉलर. दिलं तेव्हा काउंटी पेंडरगास्टच्या माणसांच्या हातात होती."

"होती. आणि फेडता आलं नाही तेव्हा त्याच काउंटीनं शेत लिलावाला काढलं. दोन्ही लिही."

ट्रुमन ती निवडणूक आठ हजारांपेक्षा कमी मतांनी जिंकला. तिथून पुढे युद्धसामग्रीच्या उधळपट्टीची चौकशी करणारी त्याची सिनेट समिती गाजली आणि त्या कामगिरीवर तो उपराष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचला. ज्यानं काउंटीत दहा हजारांकडे डोळेझाक केली, त्यानं दारूगोळ्याच्या कारखानदारांच्या वह्या निर्दयपणे तपासल्या. माझ्या धंद्यातल्या माणसाला ती समिती आदर्श वाटावी अशी आहे. मामांशी वाद घालताना मी ती विसरत नाही.

व्हाइट हाउसमध्ये आल्यावर त्यानं जुनी माणसं जवळ आणली. बॅटरी डीतला एडी मॅकिम मुख्य साहाय्यक झाला. त्याला काम झेपेना, तेव्हा थोड्याच काळात ट्रुमननं त्याला हलवलं. बँकर जॉन स्नायडर, सैन्याच्या राखीव दलातला दोस्त, अर्थमंत्री झाला आणि त्यानं काम नीट केलं. पण वादाचा विषय व्हॉनच. त्याला मेजर जनरल आणि लष्करी साहाय्यक करण्यात आलं.

१९४९ मध्ये सिनेटची एक समिती पाच टक्के दलालीवर सरकारी कामं मिळवून देणाऱ्यांची चौकशी करत होती. त्यात व्हॉनचं नाव आलं. १९४५ मध्ये त्यानं एका अत्तर कंपनीशी संबंधित लोकांकडून डीप फ्रीझर मिळवले आणि ते वाटले. एक ट्रुमनच्या पत्नीकडे, मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावच्या घरी पोहोचला. व्हॉनच्या कार्यालयात ऊठबस करणाऱ्या जॉन मॅरेगन नावाच्या इसमाला पुढे खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. व्हॉनवर गुन्हा दाखल झाला नाही, पण समितीनं ताशेरे ओढले. ट्रुमननं त्याला काढलं नाही. १९५३ च्या जानेवारीत दोघं बरोबरच बाहेर पडले.

"फ्रीझरच्या किमतीवर मी बोलत नाही," मी म्हणाले. "राष्ट्राध्यक्षाच्या दाराशी बसलेल्या माणसाकडून वस्तू घेतली आणि काही बिघडलं नाही, हे खालच्या प्रत्येकानं पाहिलं. दोन वर्षांत प्राप्तिकर खात्यातले अधिकारी पकडले जाऊ लागले. स्वतः ट्रुमनचा भेटीगाठी ठरवणारा सचिव मॅथ्यू कॉनेली १९५६ मध्ये दोषी ठरला. फेब्रुवारी १९५२ च्या गॅलप चाचणीत ट्रुमनला पसंती होती बावीस टक्के."

"त्याला कोरियाचं युद्धही कारण होतं. मॅकआर्थरला काढल्याचा रागही होता."

"होता. म्हणूनच सगळं व्हॉनच्या डोक्यावर घालत नाही. पण मॅकआर्थरसारख्या सेनानीला घरी पाठवण्याची हिंमत ज्याच्यात होती, त्याला व्हॉनला घरी पाठवणं जमलं नाही. याला दुसरं नाव नाही, ही दुर्बलता."

"दुर्बलता म्हण. पण १९४० मध्ये कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा व्हॉन उभा होता."

"त्याची परतफेड ट्रुमननं स्वतःच्या पैशानं करायची होती. जनरलचा हुद्दा त्याच्या बापाचा नव्हता."

मामांनी तेव्हा चार्ली रॉसचं नाव काढलं. या सगळ्या गोतावळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो रॉस. इंडिपेंडन्सच्या हायस्कूलमधून ट्रुमन आणि रॉस १९०१ मध्ये एकाच वर्गातून बाहेर पडले. रॉस वर्गातला हुशार मुलगा. पदवीदानाच्या दिवशी इंग्रजीच्या शिक्षिका मिस टिली ब्राउन यांनी त्याच्या गालाची पापी घेतली. आम्हाला का नाही, असं बाकीच्यांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आधी काहीतरी करून दाखवा. रॉस पुढे सेंट लुइसच्या पोस्ट-डिस्पॅचमध्ये गेला, १९३२ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, संपादकीय पानाची सूत्रं त्याच्याकडे आली. हेच वर्तमानपत्र ट्रुमनला पेंडरगास्टचं बाहुलं म्हणून सतत धारेवर धरत होतं. म्हणजे हा मित्र कधीच यंत्रणेचा नव्हता, आणि त्याच्या पत्रानं मित्राची गय केलेली नव्हती. १९४५ मध्ये ट्रुमननं त्यालाच प्रसिद्धी सचिव म्हणून बोलावलं. कितीतरी कमी पगारावर, प्रकृती बरी नसताना रॉस आला. नियुक्ती ठरली त्या रात्री दोघांनी मिस ब्राउनना फोन केला आणि ट्रुमननं राहिलेल्या पापीचं विचारलं.

३० नोव्हेंबर १९५० ला चीन कोरियात उतरल्यानंतरच्या गोंधळात, पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तर देताना ट्रुमन अणुबॉम्बबद्दल असं काही बोलून गेला की त्याचा वापर विचाराधीन आहे असा अर्थ निघाला. लंडन हादरलं, पंतप्रधान ॲटली तडक वॉशिंग्टनला निघाले. रॉसनं तातडीनं खुलासा काढून ते बोलणं सावरलं. ५ डिसेंबरला ॲटलींच्या भेटीची माहिती पत्रकारांना देऊन तो आपल्या टेबलाशी बसला आणि तिथंच गेला. पासष्ट वर्षांचा होता. त्याच संध्याकाळी ट्रुमनच्या मुलीचं, मार्गारेटचं गाणं होतं. तिला ही बातमी गाणं संपेपर्यंत कुणी कळू दिली नाही. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन पोस्टमध्ये पॉल ह्यूम यांनी तिच्या गाण्यावर कठोर परीक्षण लिहिलं. ट्रुमननं त्यांना हाणामारीची धमकी देणारं पत्र स्वतःच्या हातानं लिहून धाडलं, आणि ते साऱ्या देशानं वाचलं.

"रॉस असता तर ते पत्र टपालात पडलं नसतं," मामा म्हणाले. "राज्यकर्त्याला जुना मित्र याच्यासाठी लागतो. 'हॅरी, हे नको' असं म्हणू शकणारा. शाळेतल्या बाकावरचा माणूस नसेल तर राष्ट्राध्यक्षाला असं कोण सांगणार? तू जुने मित्र दूर ठेवायला निघालीस तर रॉसही जाईल."

हा मामांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. माझं उत्तर असं, की रॉस आणि व्हॉन हे दोघंही जुने मित्र होते आणि दोघांना एकाच मापानं मोजणं हा ट्रुमनचा दोष. एकाच्या मैत्रीनं राष्ट्राध्यक्षाचं पद सांभाळलं, दुसऱ्यानं मैत्रीच्या आडोशानं ते वापरलं. ट्रुमनचं प्रेम दोघांवर सारखंच होतं आणि ते प्रेम फरक करत नव्हतं.

"मग एडी जेकबसन?" मामांनी विचारलं. "त्याला तू कुठे बसवशील?"

१३ मार्च १९४८, शनिवार. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संयुक्त राष्ट्रांत मंजूर होऊन साडेतीन महिने झाले होते. परराष्ट्र खातं मागे फिरायच्या तयारीत होतं. झायोनिस्ट पुढाऱ्यांच्या दबावानं ट्रुमन इतका चिडला होता की त्यानं त्यांना भेटणंच बंद केलं होतं. झायोनिस्ट चळवळीचे ज्येष्ठ नेते चाइम वाइझमन आजारी अवस्थेत न्यूयॉर्कमध्ये वाट बघत होते. अशा वेळी कॅन्सस सिटीहून जेकबसन आला. पॅलेस्टाइनचा विषय काढू नकोस, असं त्याला दाराशीच बजावलं गेलं होतं. त्यानं काढला. ट्रुमन फटकून बोलला. मित्राच्या तोंडून असं कठोर बोलणं जेकबसननं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा त्याचं लक्ष टेबलाजवळच्या अँड्र्यू जॅक्सनच्या छोट्या अश्वारूढ पुतळ्याकडे गेलं. जॅक्सन हे ट्रुमनचं दैवत. जेकबसन म्हणाला, तुझा जॅक्सन तसा माझा वाइझमन, त्यांना मी कधी भेटलेलोही नाही. ट्रुमन खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघत बसला, मग एक सणसणीत शिवी हासडून हो म्हणाला. १८ मार्चला वाइझमन गुपचूप व्हाइट हाउसमध्ये आले. १४ मे रोजी इस्राएलची घोषणा झाल्यावर अकराव्या मिनिटाला अमेरिकेनं मान्यता दिली.

"स्वतःसाठी छदामही न मागितलेला माणूस," मामा म्हणाले. "दुकान चालवत राहिला, १९५५ मध्ये वारला. याच्या खात्यावर तू काय लिहिणार?"

"त्याच्या खात्यावर काही नाही. त्याच्यासारखा निर्लोभी मित्र सगळ्यांना मिळो. पण दार कुणासाठी उघडलं, त्याचा विचार करा. ज्यांची गावं त्या वर्षी उजाड झाली त्या सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबांपैकी कुणी ट्रुमनबरोबर कँटीन चालवलं नव्हतं. त्यांच्या बाजूनं खिडकीबाहेर बघायला लावणारं कुणी त्या खोलीत नव्हतं."

"तू सगळा निर्णय जेकबसनच्या भेटीवर टांगतेस. वाइझमन नोव्हेंबर १९४७ मध्ये एकदा ट्रुमनला भेटून गेले होते. छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंचा प्रश्न त्याला १९४५ पासून छळत होता. निवडणुकीचं वर्ष होतं. क्लार्क क्लिफर्डसारखे सल्लागार मान्यतेच्या बाजूनं होते. आणि विरोधी बाजू मांडायला साक्षात परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल होते. १२ मेच्या बैठकीत मार्शलनी राष्ट्राध्यक्षाला तोंडावर सांगितलं, की हे केलंत तर नोव्हेंबरात मी तुमच्याविरुद्ध मत देईन. ज्याच्याबद्दल ट्रुमनला सर्वाधिक आदर होता तो माणूस. याहून वजनदार वकील कोण?"

"मार्शल तेलाची आणि लष्करी डावपेचांची बाजू मांडत होते. हैफाच्या शेतकऱ्याची नाही."

यावर मामांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही यापुढे जाण्यासारखं काही नव्हतं. निर्णय मित्रामुळे झाला असं मी म्हणत नाही. राज्यकर्त्याच्या मैत्रीला भूगोल असतो, एवढं म्हणते. ट्रुमनचा भूगोल मिसूरीचा होता. त्या नकाशात जे नव्हते त्यांच्याशी तो अन्यायानं वागायला बसला नव्हता. ते त्याला दिसले नाहीत.

शेवटी आम्ही पुन्हा पेंडरगास्टच्या अंत्यविधीवर आलो, कारण मामांनी ॲचेसनची गोष्ट काढली. १९५० च्या जानेवारीत परराष्ट्र खात्यातला माजी अधिकारी अल्जर हिस याला खोट्या साक्षीबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. कम्युनिस्ट हेरगिरीच्या संशयानं देश पेटलेला होता. हिसशी ओळख असलेले परराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन पत्रकारांना म्हणाले, मी त्याच्याकडे पाठ फिरवणार नाही. एकच गहजब झाला. ॲचेसन राजीनामा द्यायच्या तयारीनं ट्रुमनकडे गेले. ट्रुमननं त्यांना सांगितलं, की तुरुंगातून आलेल्या मित्राच्या अंत्यविधीला गेलेल्या माणसाला तुम्ही हे समजावायची गरज नाही.

"नाटो उभारणारा, त्या काळचा सर्वांत कर्तबगार परराष्ट्रमंत्री या एका वाक्यावर टिकला," मामा म्हणाले. "आणि जमावाच्या ओरड्याला भिऊन आपली माणसं लांडग्यांपुढे टाकायची नाहीत, हे ट्रुमन कुठे शिकला? तू ज्याला दोष म्हणतेस त्याच ठिकाणी. कम्युनिस्टांचा माग काढत सुटलेल्या सिनेटर मॅककार्थीच्या त्या वर्षांत कितीजणांनी मित्रांची नावं देऊन स्वतःची कातडी वाचवली, ते आठव."

मामा, हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले होते आणि इथे छापूनही म्हणते, की ॲचेसनच्या बाबतीत ट्रुमन पूर्ण बरोबर होता. पेंडरगास्टच्या अंत्यविधीच्या बाबतीतही. मेलेल्या, पडलेल्या, काहीही देऊ न शकणाऱ्या मित्राकडे जाण्यात कुणाचा हक्क बुडत नाही. तो लष्करी विमानानं गेला, तेवढा खर्च मी आक्षेपाधीन ठेवते. मी त्या जागी असते तर गेलेच असते, माझ्या तिकिटानं. १९३८ च्या त्या मतदानात मिलिगनच्या बाजूनं मत दिलं असतं. आणि हॅरी व्हॉनला १९४९ च्या ऑगस्टमध्येच मिसूरीला परत पाठवलं असतं.